मटार आणि तीन राजे

चूक माझीच. मुलाचा इतिहास घेता घेता बोलून गेले, "इंग्लंडचा राजा, जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार, सगळे कझिन होते बघ." सासूबाई समोर मटार सोलत होत्या. सकाळपासून त्या जरा घुश्शातच होत्या, कारण त्यांच्या बहिणीचा बंडू क्लाससाठी दोन महिने राहायला येऊ म्हणत होता आणि मी वन बीएचकेचं क्षेत्रफळ काढून दाखवलं होतं.

"कझिन म्हणजे कोण? मामेभाऊ की आतेभाऊ?"

आमच्या सासूबाईंनी पुष्कळ लग्नं जमवली आहेत. नात्यात मोघमपणा त्यांना चालत नाही. शेवटी ताटात दाणे मांडले. टपोरा दाणा राणी व्हिक्टोरिया, शेजारी नवरा अल्बर्ट. "हा तिचा मामेभाऊ," मी म्हटलं.

"म्हणजे त्याने आत्याची मुलगी केली? अगं, मामाची करतात!"

लग्न 1840 सालचं, आता मोडता घालून उपयोग नव्हता. त्यातून, राणीला मागणी कोण घालणार, म्हणून तिनेच अल्बर्टला विचारलं होतं. हे मी गिळलं.

राणीला मुलं 9 आणि नातवंडं 42. आणखी शेंगा सोलाव्या लागल्या. थोरली लेक जर्मनीतल्या प्रशियात दिलेली, तिचा मुलगा कैसर विल्हेल्म. तिच्या पाठचा एडवर्ड, त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज. "म्हणजे जॉर्जला विल्हेल्म आतेभाऊ," सासूबाईंनी निकाल दिला. "आणि तो रशियाचा?"

तो डेन्मार्ककडून. जॉर्जची आई आणि झार निकोलसची आई सख्ख्या बहिणी. "मावसभाऊ!" शिवाय निकोलसची बायको, जर्मनीतल्याच हेस घराण्यातली, जॉर्जची आतेबहीण. "म्हणजे मेव्हणाही झाला की." तीच विल्हेल्मची मावसबहीण. सासूबाईंची बोटं ताटात भराभर फिरत होती. चिरंजीव एव्हाना निम्मं हेसचं घराणं खाऊन बसले होते.

जॉर्ज आणि निकोलस दिसायला इतके सारखे की 1893 साली जॉर्जच्या लग्नात पाहुण्यांची गल्लत झाली. नवरी मेरी आधी त्याच्या थोरल्या भावाला ठरलेली. तो इन्फ्लुएन्झाने गेला, तेव्हा धाकट्याशी लावून दिली. निकोलसच्या आईचंही नेमकं असंच झालेलं. "ठरलेली सून हातची जाऊ दिली नाही," सासूबाईंना एवढं एक पटलं.

मग 1914. कैसर आणि झार एकमेकांना इंग्रजीत तारा करत होते, खाली सही 'विली', 'निकी'. युद्ध टाळ, असं दोघंही विनवत होते आणि सैन्यही जमवत होते.

"भाऊबंदकी. बांधावरून?"

"बांधावरूनच म्हणायचं."

युद्ध चालू असतानाच, 1917 साली निकोलसचं राज्य गेलं. त्याला इंग्लंडमध्ये आसरा द्यायचं ठरलं होतं. पण आपल्याच लोकांचा रोष नको म्हणून जॉर्ज कचरला आणि बोलावणं मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी जर्मन वळणाचं घराण्याचं नाव टाकून त्याने 'विंडसर' लावलं. पुढल्या जुलैत निकोलसला बायकोमुलांसकट गोळ्या घातल्या.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. ताटातले दोन दाणे त्यांनी बोटाने जवळजवळ सरकवले.

"सख्ख्या मावसभावाला घरात घेतलं नाही? एवढा राजवाडा असून?"

"अहो आई, तेव्हा परिस्थिती..."

त्यांनी पदराला हात पुसून फोन उचलला होता. "बंडू? ये रे तू खुशाल. हॉलमध्ये झोपशील. छे, वहिनी कशाला नाही म्हणेल?"