‘पैसेही द्यायचे आणि वर झोळीही धरायची?’

नमस्कार काका,

देणगीदारांनाच निधी उभारायला सोबत घ्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “ज्याने पैसे दिले त्यालाच पावती पुस्तक देऊन दारोदार फिरवणार? पुढच्या वर्षी तो फोनसुद्धा उचलणार नाही.” वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट बोललो, असंही म्हणालात. बरं केलंत.

फोनची भीती खरीच आहे. गावच्या मुंबई मंडळात वावरलेला कुणीही सांगेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणीची यादी टाकायची, नावांपुढे आकडे, आणि न देणाऱ्यांपुढची जागा मोकळी. ही सरळ सरळ वसुली. पैसे येतात, पण माणूस गणपतीला गावी आला की आपल्याला चुकवून खालच्या पाखाडीने जातो.

पण देणगीदाराच्या हातात पावती पुस्तक द्या, असं मी म्हटलेलंच नाही. मागणं, पावती फाडणं, हिशेब ठेवणं हे संस्थेचं काम. देणगीदाराने फक्त बोलायचं, तेही वाटलं तर. आम्ही कार्यकर्ते बोललो की लोक अर्धं सोडून देतात. त्याला त्यातून काही मिळायचं नसतं, म्हणून त्याचं ऐकतात.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली होती. आमच्या वाचनालयाचे एक देणगीदार, एसटीतून निवृत्त झालेले, शेजारच्या परळवाल्या भावकीला सांगत होते, “वरच्या खोलीत पंखा नि ट्यूब लावली ना, आता बारावीची पोरं रात्री दहापर्यंत बसतात. घरात कुठे जागा असते?” पैशांचं अवाक्षर नाही. समोरच्यानेच विचारलं, “कोणाकडे द्यायचे?” मी गेलो असतो तर ‘मे महिन्यात येतो तेव्हा बघू’ हेच ऐकून परत आलो असतो.

घोळ होतो तो अतिउत्साहाने. एखादा दहा जणांचे पैसे स्वतःच्या गुगल पेवर घेतो नि एकरकमी पाठवतो. मग पावती त्याच्या एकट्याच्या नावाने, आणि बाकीचे देणगीवरच्या आयकर सवलतीला, म्हणजे ८०जीला, मुकतात. ज्याने त्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावं, पॅन कळवावा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर कुठल्याच देणगीला नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ असं सरसकट कुणी सांगत सुटू नये.

दुबईचा भाचा भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे मात्र ‘विदेशी योगदान’ ठरतात. त्याला एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. वाडीतल्या छोट्या संस्थेने हात जोडून नको म्हणावं.

आणि ‘चार लोकांत बोला’ असं सांगायचं तरी कुठल्या देणगीदाराला? ज्याच्या पहिल्या पैशांचा हिशेब त्याला पोचलाय, त्यालाच. तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडायचा.

तुम्ही गावच्या शाळेतल्या स्वच्छतागृहाला मदत केलीत आणि पुढे काहीच कळलं नाही, असं ओघात लिहिलंय. माझ्या मते तुमचा राग तिथला आहे. त्यांच्याकडे फोटो आणि खर्चाचा कागद मागा. मिळाला, तर भावकीत दाखवावासा वाटतो का ते मला इथेच कळवा.