लाइटवाल्यावर अर्धा लेख का लिहिला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

आपल्या कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या कलावंतांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. तुम्ही तो प्रयोग स्वतः बघून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: नटांना दोन परिच्छेदांत गुंडाळून मी अर्धा लेख लाइटवाल्यावर आणि सेट ठोकणाऱ्यावर घालवला, ही माणसं कारागीर, त्यांना कलावंत म्हणणं जास्तीचं आहे. शाळेच्या हॉलात 'गॅदरिंग होतं, नाटक नाही'. नोकऱ्या सांभाळून उरलेल्या वेळात करतात ती कला कसली. आणि गायक-नट केशवराव भोसल्यांच्या गावात मुंबई-पुण्याचं हे उसनं खूळ कशाला. शिवाय प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू झाला.

उशिराबद्दल तुमची बाजू पूर्ण घेतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला व्हरांड्यात ताटकळत ठेवणं गैरच. ते मी संस्थेच्या मंडळींनाही सांगितलं आहे. बाकीचं मला पटलेलं नाही.

तुम्ही पाहिलेल्या नाटकाचा शेवट आठवा. घराची वाटणी झाली आहे, दोघे भाऊ निघून गेलेत आणि आई ओसरीवर एकटी बसली आहे. संहितेत तिथे आईची दोन वाक्यं होती आणि मग ब्लॅकआऊट, म्हणजे एकदम पूर्ण अंधार. तालमीत प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाने दिग्दर्शकाला विचारलं, 'ब्लॅकआऊट नको, तिला बसू दे, मी दिवस मावळवतो.' त्याने जुने हॅलोजन मुद्दाम मागून आणले होते. हॅलोजन सावकाश मंद करत नेला की प्रकाश आधी पिवळा आणि मग तांबूस होत जातो. साधा एलईडी मंद केला तर उजेड कमी होतो, पण रंग तोच राहतो. आईच्या अंगावरचा तो तांबूस उजेड बघून आईचं काम करणाऱ्या बाईंनी आपली दोन वाक्यं स्वतःहून काढून टाकली. आता बोलायची गरज उरली नाही, म्हणाल्या. एका माणसाच्या निर्णयाने नाटकाचा शेवट बदलला, नटीचा अभिनय बदलला, लेखकाची वाक्यं गेली. या माणसाला कलावंत म्हणायचं नाही, तर मग कोणाला म्हणायचं?

त्याच्या हाताशी होतं काय, तेही बघा. हॉलात १५ अँपियरचे दोन पॉइंट. २३० व्होल्टला एका पॉइंटवर जेमतेम साडेतीन हजार वॉट, म्हणजे हजार वॉटचे तीन हॅलोजन. सहा दिव्यांत अख्खं नाटक बसवायचं. छतही बुटकं, त्यामुळे दिवे उंच टांगता येत नाहीत. कमी उंचीवरून येणारा प्रकाश नटाची सावली मागच्या भिंतीवर लांबच लांब फेकतो. एरवी हा दोष समजून ती सावली मारायची धडपड चालते. याने ती ठेवली. थोरला भाऊ उठून उभा राहतो तेव्हा त्याच्या सावलीत धाकटा बुडतो, हे तुम्ही पाहिलंत. तुमच्या प्रतिक्रियेत 'भिंतीवर सावल्या पडत होत्या' अशी तक्रार आहे. सर, त्या पडत नव्हत्या, पाडल्या होत्या.

नेपथ्याचंही तसंच. तीन लेव्हल, म्हणजे चढण्या-उतरण्याचे चौथरे, आणि एक चौकट, बस्स. तिन्ही लेव्हलची उंची वेगळी आहे. आईला धाकट्याच्या वाट्याकडे जाताना दर वेळी गुडघ्यावर हात ठेवून उतरावं लागतं. त्या उतरण्यानेच तिचं वय कळतं, त्यासाठी वेगळा संवाद नाही. या लेव्हल बनवणारा माणूस दिवसा उद्यमनगरात वेल्डिंग करतो. लेव्हलची उंची ठरवायला तो त्या बाईंना तालमीत पुन्हा पुन्हा चढायला-उतरायला लावून बघत होता.

आता परंपरेचा मुद्दा. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि आपल्या गाण्याने महाराष्ट्र गाजवला, याचा मलाही तुमच्याइतकाच अभिमान आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं आणि १९१५ साली खुलं झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच आपलं भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा शहरातल्या प्रत्येक नाटकवाल्याच्या घरात सुतक होतं. पण कोल्हापूरच्या रंगभूमीची परंपरा म्हणजे फक्त गाणारा नट, हे मी मानत नाही. त्याच काळात आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नात्यातले भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री. पुढे सगळे त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्येच गेले. बाबूरावांनी कॅमेरा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली शिकले. ज्या चित्रनगरीचा आपण टेंभा मिरवतो, तिची सुरुवात रंगमंचाच्या मागच्या अंगाला, ब्रश घेऊन बसलेल्या माणसांपासून झाली. तेव्हाच्या एखाद्या रसिकाने 'पडदेवाल्यांवर कशाला लिहायचं' असं म्हटलं असेलच. उद्यमनगरातला तो वेल्डर मला मेस्त्रींच्या या परंपरेतला वाटतो, आणि ती परंपरा अस्सल कोल्हापुरी आहे.

शाळेच्या हॉलाबद्दल फार लिहीत नाही. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलात १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे प्रयोग लावले, त्यांनी मराठी नाटकाला केवढं काय दिलं हे तुमच्यासारख्या जुन्या प्रेक्षकाला मी सांगायला नको. प्रेक्षक तीन हातांवर बसला की नटाला आवाज चढवावा लागत नाही, डोळ्याची हालचालही पोहोचते. ज्या नाटकाला तेवढीच जवळीक हवी, त्याला हजार खुर्च्यांचं थिएटर मोठंच पडतं.

आणि नोकरीचं. आपल्याच गावात 'प्रत्यय' या नाट्यसंस्थेच्या डॉ. शरद भुथाडियांनी विंदा करंदीकरांच्या अनुवादातला शेक्सपिअरचा किंग लिअर उभा केला. ते व्यवसायाने डॉक्टर. पोट एका कामावर आणि जीव दुसऱ्यात, असं जगूनच इथल्या प्रायोगिक नाटकवाल्यांनी नाटक जिवंत ठेवलं आहे. या संस्थेतल्या बाई शाळेत शिकवतात. तालीम रात्री साडेआठला सुरू होते, संपते तेव्हा रिक्षा मिळत नाही, सकाळी सातला पुन्हा शाळा. यात उरलेला वेळ कुठे आहे सर? तो झोपेतून कापून काढलेला आहे.

एक विनंती करतो. तुम्ही लिहिलंत की लहानपणी वडिलांबरोबर भोसले नाट्यगृहात संगीत नाटकं पाहिलीत, आणि एका नाटकातला राजवाड्याचा पडदा अजून डोळ्यांसमोर आहे. तो पडदा कोणी रंगवला होता, प्रकाश कोणाचा होता, हे तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणा जुन्या माणसाला ठाऊक असेल तर इथे जरूर लिहा. नटांची नावं जाहिरातीत सापडतात, या माणसांची सापडत नाहीत. तुम्ही नाव दिलंत तर पुढचा लेख मी त्यांच्यावर लिहीन, आणि या वेळी पूर्ण लेख.