नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे कोणी ठरवले?

आज यावल तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत एक विक्रेता उन्हाच्या मलमाच्या ट्यूब घेऊन आला आणि केळीच्या बागांत राबणाऱ्या बायकांना त्याने छातीठोकपणे सांगितले की, यात रसायन नाहीच, कातडीत मुळात जे द्रव्य असते तेच घातले आहे, तेव्हा अपायाचा प्रश्नच येत नाही. घटकांची यादी मागितली, तर त्याने वेष्टनावरचे हिरवे पान दाखवले! तेव्हापासून डोके तापलेले आहे.

कातडीत असे द्रव्य असते, हे खरे. त्याचे नाव युरोकॅनिक आम्ल. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात फिलॅग्रिन या प्रथिनाचे तुकडे होतात, त्यातून हिस्टिडिन हे अमिनो आम्ल सुटते आणि त्यापासून हे आम्ल तयार होते. उन्हातले यूव्ही-बी हे अतिनील किरण ते शोषून घेते. याच गुणावर एके काळी ते प्रसाधनांत नैसर्गिक संरक्षक म्हणून मिरवले. मात्र किरण शोषताना त्याच्या रेणूची रचना पालटते, ट्रान्स रूपाचे सिस रूप होते, आणि हे सिस रूप प्रतिकारशक्तीला दाबते. डी फॅबो आणि नूनन या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे १९८३ मध्येच तसे मांडले होते. आज युरोपीय संघात प्रसाधनांत हे आम्ल घालण्यास बंदी आहे. हे त्या ट्यूबवाल्याला कोण सांगणार?

माझी माय फाल्गुनात दादर ज्वारी सोंगायला जायची. दोन-तीन दिवस उन्हात काढले की तिच्या खालच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठायचा, मग तो फुटून पिवळी खपली धरायची आणि भाकरीचा घास घेताना ती डोळे मिटून घ्यायची. घरातले म्हणायचे, पोटात उष्णता झाली, सब्जा द्या. ती उष्णता नव्हती. तो नसांत दडून बसणारा हर्पिसचा विषाणू होता, आणि उन्हाने त्वचेची राखण ढिली केली की तो डोके वर काढत असे.

यात सगळा दोष एकट्या युरोकॅनिक आम्लाचा नाही, उन्हाने पेशींतल्या डीएनएलाही इजा होते, हे मान्य. सोरायसिस या त्वचारोगात प्रतिकारशक्तीची हीच दडपणूक उपचार म्हणून उपयोगी पडते, हेही मान्य. पण म्हणून ती उघड्या शेतात, वैद्याच्या देखरेखीविना, मायच्या ओठावर व्हावी काय?

"आपण सावळी माणसे, आपल्याला ऊन बाधत नाही," असेही आज कोणीतरी म्हणालेच. मेलॅनिन भाजण्यापासून पुष्कळ वाचवते. प्रतिकारशक्ती दबण्यापासून तेवढे वाचवत नाही. माय चांगली काळीसावळी होती.

त्या बायकांवर मात्र माझा राग नाही. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला बांधलेला रुमाल, हे त्यांचे संरक्षण त्या ट्यूबपेक्षा शंभर पटींनी भरवशाचे आहे. मायला तेवढेही कोणी सुचवले नाही. आता बागाईतदार मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण हे वाचत आहात म्हणून स्पष्टच लिहितो: भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवा, आणि त्यासाठी मजुरीतला एक रुपयाही कापू नका.