इनबॉक्समधला कचरा नुसता कचरा नसतो

गेल्या महिन्यात मामांचा मेल आला. "मी अडचणीत आहे, फोन चालू नाही, थोडे पैसे तातडीनं पाठव, परत आल्यावर देतो." मामा मला घरच्या नावानं हाक मारल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत आणि इथे नावच नाही, म्हणून मी उत्तर न देता सरळ फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, घरीच होते, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तोवर तोच मेल त्यांच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना गेलेला.

संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू केलं, म्हटलं संपलं. मग सहज माझ्या फोनवरून एक टेस्ट मेल टाकला तर तो त्यांच्या इनबॉक्सात येईचना. सेटिंगमध्ये शोधत शोधत फिल्टरच्या, म्हणजे येणाऱ्या मेलचं आपोआप काय करायचं ते नियम असतात त्या पानावर गेले आणि तिथे एकच ओळ होती, येणारा प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर फॉरवर्ड करा आणि इथून डिलीट करा. पत्ता बघून आधी वाटलं मामांचाच आहे, तिसऱ्यांदा वाचला तेव्हा दिसलं की आडनावात एक 'ए' जास्तीचा आहे! म्हणजे लोक काळजीनं विचारत होते कुठे आहात, किती पाठवू, आणि ते सगळं त्या चोराकडे जात होतं. पासवर्ड बदलला म्हणून असा फिल्टर जात नाही, तो हातानं काढावा लागतो. प्लीज तुमचं फिल्टर आणि फॉरवर्डिंगचं पान आजच एकदा उघडून बघा.

चोर आत शिरला कसा, तर जुने मेल चाळताना ते पण सापडलं. "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, २४ तासांत व्हेरिफाय करा" असा मेल, खाली लिंक, लिंकवर हुबेहूब लॉगिनचं पान. मामांनी पासवर्ड टाकला कारण त्यांचा मेलबॉक्स खरंच भरलेला होता, अकरा हजारांवर न वाचलेले मेल, नव्वद टक्के जाहिराती. हे मला फार लागलं. आपण म्हणतो जंक मेल काय, डोक्याला ताप आहे पण निरुपद्रवी आहे, तसं नाहीये, रोज पन्नास फालतू मेल बघून नजर नुसती घसरत जाते आणि एक्कावन्नावा खोटा असला तरी तो त्याच गर्दीत खपून जातो.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. ३ मे १९७८ ला गॅरी थर्क नावाच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या माणसानं अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या जवळपास ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात एकदम पाठवली, तो पहिला स्पॅम, म्हणजे न मागता आलेला घाऊक मेल, मानतात. आणि १९८२ साली मेल पाठवायची जी पद्धत ठरली, एसएमटीपी, तिच्यात पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सगळे पहारेकरी नंतर आले आणि तेही पत्त्यातलं डोमेन, म्हणजे @ नंतरचा भाग, तपासतात, वर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. म्हणून नाव वाचू नका, नावावर टॅप करून अख्खा पत्ता वाचा. 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवले तर फोनवर फरक कळत नाही.

अनसबस्क्राईब करावं, म्हणजे पाठवणाऱ्याच्या यादीतून नाव काढून घ्यावं, की नाही यावर लोक भांडतात. माझं मत, ज्या दुकानाला किंवा साइटला तुम्ही स्वतः पत्ता दिलाय तिथे बिनधास्त करा, २०२४ पासून गुगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यायला लावलीय. पण कुठून आला तेच माहीत नाही अशा मेलमधली लिंक दाबूच नका, तुमचा पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना कळतं, तो स्पॅम म्हणून रिपोर्ट करा. फोटो आपोआप लोड होणं पण बंद करून टाका, कारण त्यात अनेकदा डोळ्यांना न दिसणारा एका पिक्सेलचा (म्हणजे एका ठिपक्याएवढा) फोटो असतो आणि तो लोड झाला की मेल उघडल्याची खबर पोचते.

अटॅचमेंटबद्दल सगळे सांगतातच, मी जास्त लिहीत नाही.

आणि हो, बाकी कुठलाही पासवर्ड विसरलात तर रिसेटची लिंक मेलवरच येते ना, म्हणजे मेल गेला की सगळंच गेलं, तेव्हा मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरू नका.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. घरातलंच एक माणूस मामांना म्हणालं, "एवढंही कळलं नाही का?" मामा त्यानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. असं बोलू नका हो! रागवलं की पुढच्या वेळी माणूस सांगतच नाही, लपवतो, आणि चोराला तेवढाच जास्त वेळ मिळतो.

आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून ते अकरा हजार उपसले. काल रात्री मामांचा फोन आला, "अगं, एक मेल आलाय, अजून काही दाबलं नाहीये, पत्ता वाचून दाखवू का?" म्हटलं वाचा. एकेक अक्षर सुटं करून वाचला त्यांनी, शेवटच्या डॉटपर्यंत.