एकदाच पार्स करून का भागत नाही?

नमस्कार. माझ्या पावसाच्या नोंदींच्या पायथन स्क्रिप्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्क्रिप्ट चालवताना ‘--एकक मिमी’ असे पर्याय (आर्ग्युमेंट) लिहितात, ते वाचून उलगडणं म्हणजे पार्स करणं; नेहमीच्या किमती प्रत्येक जागेच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात. तुमचे दोन आक्षेप आहेत: आर्ग्युमेंट दोन टप्प्यांत पार्स करणं म्हणजे उगाच गुंतागुंत, एकदा पार्स करावं आणि मग जागेच्या फाईलमधल्या किमती (म्हणजे मूल्यं) त्यावर भराव्यात, आणि माझी स्क्रिप्ट ‘--जागा वाळपई’ लिहिलं की फाईल सापडत नाही म्हणते.

दुसरा आक्षेप पूर्ण खरा आहे, चूक माझी. पहिल्या टप्प्यातल्या पार्सरला फक्त ‘--जागाफाईल’ (फाईलचं नाव देणारा पर्याय) ठाऊक होतं. आर्गपार्स (पायथनमधलं पार्स करणारं मॉड्यूल) अर्धवट नावही ओळखतो, आणि ही सवय पार्स_नोन_आर्ग्जमध्येही, म्हणजे अनोळखी पर्याय बाजूला ठेवणाऱ्या मेथडमध्येही, चालू असते. त्यामुळे ‘--जागा’ हे ‘--जागाफाईल’चंच आखूड रूप समजून त्याने गिळलं आणि ‘वाळपई’ नावाची फाईल शोधायला निघाला. पहिल्या पार्सरला अलाऊ_ॲब्रेव्ह=फॉल्स (अर्धवट नावं नकोत) दिलं की प्रश्न मिटतो. पायथन ३.५ पासून ही सोय आहे, मात्र ३.८ च्या आधी तिच्यामुळे ‘-vv’सारखे जोडून लिहिलेले छोटे पर्यायही बंद पडायचे. कोड दुरुस्त केला आहे. मनापासून आभार.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही.

ही स्क्रिप्ट मी मामांच्या गोव्यातल्या वाळपईच्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पावसाच्या नोंदींसाठी लिहिली. मामा रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघतात. जुन्या वह्या इंचांत आहेत, नवीन मोजपात्र मिलिमीटरचं. म्हणून वाळपईच्या फाईलमध्ये एकक ‘इंच’ आहे आणि स्क्रिप्टचं डिफॉल्ट (काही न लिहिल्यास धरलं जाणारं मूल्य) ‘मिमी’. नवीन नोंद भरताना मामा मुद्दाम ‘--एकक मिमी’ लिहितात. आता तुमच्या पद्धतीने बघा. पार्स झाल्यावर हातात ‘मिमी’ येतं. ते मामांनी लिहिलं की डिफॉल्टमधून आलं, हे कळायला मार्ग उरत नाही. फाईल वरून ‘इंच’ भरते आणि १२७ मिमीचा दिवस १२७ इंचांचा, म्हणजे ३२२५.८ मिमीचा होतो. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढा पाऊस पडतो!

सगळी डिफॉल्ट नन, म्हणजे रिकामी, ठेवली तर हा घोळ टळतो, आणि चार पर्यायांच्या स्क्रिप्टला मीही तेच सुचवीन. पण मग फाईलमधल्या मजकुराचे आकडे आपणच करायचे, आणि मदतीच्या मजकुरात खरी डिफॉल्ट दिसत नाहीत.

दोन टप्प्यांत क्रमच बदलतो. आधी फक्त फाईलचं नाव काढायचं, तिच्या किमती सेट_डिफॉल्ट्सने मुख्य पार्सरला द्यायच्या, मग उरलेली यादी पार्स करायची. हाताने लिहिलेलं आपोआप शेवटी येतं आणि जिंकतं. डिफॉल्ट मजकूर असेल तर टाइपचं रूपांतरही आर्गपार्सच करतो. पहिल्या पार्सरला ॲड_हेल्प=फॉल्स द्यायला विसरू नका, नाहीतर मदत मागणारं ‘-h’ तिथेच अडकतं आणि मामांना एकाच पर्यायाची मदत दिसते.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे कोड पुन्हा तपासताना आणखी एक खाच सापडली. चॉइसेसची, म्हणजे चालणाऱ्या मूल्यांची, यादी डिफॉल्टना लागू होत नाही. फाईलमध्ये कुणी ‘इन्च’ लिहिलं तर आर्गपार्स गप्प राहतो. म्हणून फाईल वाचल्यावर एकक मी स्वतः ताडून बघतो आणि चुकलं तर पार्सरच्या एरर मेथडनेच थांबवतो, म्हणजे मामांना नेहमीसारखाच संदेश दिसतो.