वाळवंटातली आगोट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, गडबड असते. खळ्यात सोलं वाळत असतात, सुके बांगडे डब्यांत भरायचे असतात, लाकडं पडवीत रचायची असतात. गेल्या वर्षी ते सगळं अर्धवट टाकून मी तीन आठवड्यांसाठी टूसॉनला गेले. सासूबाई म्हणाल्या, "वाळू बघूक इतक्या लांब कित्याक जातंस? ती आपल्या दारातच आसा."

टूसॉन हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, सोनोराच्या वाळवंटातलं शहर. नवऱ्याच्या विद्यापीठातल्या नोकरीमुळे आम्ही आधी तिथे चार वर्षं राहिलो होतो. वाळूच्या टेकड्या तिथे नाहीतच. डोंगर आहेत, आणि डोंगरांच्या उतारावर माणसांसारखे हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. एका सग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. हे कळल्यापासून मी त्यांच्याकडे वाडीतल्या जुन्या फणसाकडे बघावं तशी बघायला लागले.

पहिल्यांदा गेले ती फेब्रुवारीत. तेव्हा शहर पाहुण्यांनी भरलेलं असतं. 1955 पासून तिथे रत्नांचं आणि खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं, शिवाय उत्तरेकडच्या थंडीतून सुटलेली म्हातारी माणसं मुक्कामाला आलेली असतात. मीही पाहुण्यासारखीच फिरले. खुळखुळ्या सापाच्या आकाराचा एक पादचारी पूल आहे, त्याच्या उघड्या जबड्यातून आत शिरून रस्त्यापलीकडे जायचं. टेड डिग्राझिया या चित्रकारानं मातीच्या विटांचं आपलं चित्रालय उभारलं, तिथल्या जमिनीत चोला निवडुंगाच्या खोडाच्या चकत्या बसवल्या आहेत. जाळीदार, सुकलेल्या पडवळासारख्या. भिंतीवरची चित्रं बाजूला ठेवून मी खाली बसून त्या चकत्यांवरून बोट फिरवत राहिले. शेजारच्या छोट्या प्रार्थनाघराचं छप्पर मधोमध आभाळाला उघडं ठेवलं आहे.

सगळं आवडलं. पण ते शहर मला कळलं जूनमध्ये.

जूनमध्ये पारा 40 च्या वर जातो. पाहुणे परतलेले असतात, विद्यार्थी घरी गेलेले असतात, उरतात ती तिथलीच माणसं. आणि ती आगोट करतात. मला दुसरा शब्दच सुचत नाही. मेस्किट नावाचं झाड आहे, आपल्या बाभळीच्या भाऊबंदांतलं. त्याच्या शेंगा पाऊस पडायच्या आत गोळा कराव्या लागतात, भिजल्या की बुरशी धरते. मग वस्तीत चक्की आणतात, लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहतात, आणि गोडसर वासाचं पीठ घरी नेतात. तोहोनो ओओदम या तिथल्या मूळ लोकांचं नवं वर्ष याच दिवसांत लागतं. सग्वारोची फळं पिकतात, आणि ती काढायची उंच काठी वाळलेल्या सग्वारोच्याच फासळ्यांची असते. आमचा आंबे काढायचा झेला आठवला. त्या फळांचा पाक होतो, आणि पावसाला बोलावण्याच्या विधीसाठी मद्यही. आपलं मृग लागतं 7 जूनच्या सुमारास, तिथले मेक्सिकन लोक 24 जूनला सान हुआन या संताच्या दिवशी पावसासाठी मिरवणूक काढतात. त्या पावसाला टूसॉनमध्ये मान्सूनच म्हणतात.

आमच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई राहायच्या. त्यांनी एकदा क्रिओसोट नावाच्या झुडपाची डहाळी मोडली, दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरली, तिच्यावर फुंकर घातली आणि ओंजळ माझ्या नाकाशी आणली. पावसाचा वास! महिनोन् महिने पावसाचा थेंब नसताना. बाई वर्षभर असा वास घेत पावसाची वाट बघायच्या. आणि खरा पाऊस आला तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर होती. कोरड्या पडलेल्या रियितो नदीला पाणी आलं म्हणून माणसं मुलांना घेऊन पुलावर गेली, आमच्याकडे व्हाळाला पूर आला की जातात तशीच.

डनबार स्प्रिंग नावाच्या वस्तीत लोकांनी रस्त्याकडेच्या कठड्याला खाचा पाडून वाहतं पाणी झाडांच्या आळ्यांत वळवलं. आधी हे बेकायदा होतं, नंतर नगरपालिकेनं त्याला परवानगी दिली. वर्षाला 300 मिलिमीटरही पाऊस नसलेलं गाव हे करतं. आमच्या सिंधुदुर्गात 3000 च्या आसपास पडतो, आणि एप्रिल-मे आला की कोकणातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघत असतात. याची मला लाज वाटते.

टूसॉनला लोक कलाकारांचं, थोडं वेडं गाव म्हणतात. भिंतीभर चित्रं, अंगणात गंजक्या लोखंडाचे पक्षी, हे आहेच. पण राहिल्यावर दिसतं की हा वेडेपणा पाहुण्यांसाठी मांडलेला नाही. 1990 मध्ये सुझन जॉन्सन या कलावतीचे वडील गेले, आणि तिनं आपलं दुःख मिरवणुकीतून मांडलं. त्यातून दर नोव्हेंबरला निघणारी मृतांची यात्रा उभी राहिली. तोंडाला सांगाड्यासारखे रंग लावून, गेलेल्या माणसांचे फोटो छातीशी धरून हजारो लोक चालतात. चिठ्ठ्यांनी भरलेला मोठा कलश शेवटी पेटवतात. मी माझ्या आजीचं नाव देवनागरीत लिहून त्यात टाकलं होतं. आमच्या म्हाळाला कावळ्याची वाट बघताना जसं पोटात तुटतं, तसंच तिथे तुटलं.

त्याच शहरानं एक चूकही केली. 1960 च्या दशकाच्या शेवटी जुन्या मेक्सिकन वस्तीतली मातीची घरं सुमारे 80 एकरांवर पाडली, आणि तिथे सभागृहांचं संकुल बांधलं. उरलेल्या बारियो व्हिएहोत, म्हणजे जुन्या वस्तीत, आज लोक फिरायला येतात. हातभर जाड भिंती, मेस्किटच्या तुळया, सग्वारोच्या फासळ्यांचं छत, आणि दारं निळी, पिवळी, डाळिंबी. जे राहिलं त्याची किंमत जे गेलं त्यानंतर कळली.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या वाडीत गेल्या हिवाळ्यात घडलं. एक मातीच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं, शंभरीला टेकलेलं घर पाडलं, आणि तिथे पाहुण्यांसाठी सहा एसी खोल्या होत आहेत. घर त्यांचं, पैशाची गरज त्यांची, मी त्यांना दोष देत नाही. पण त्या घराचा लोटो, म्हणजे बाहेरची बसायची जागा, मे महिन्यातही थंड असायचा, आणि त्याच्या पडवीत पावसाळाभर गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचं काम, चालायची. आता ती माती कुठे भिजवायची, हा प्रश्न त्या मूर्तिकारासमोर उभा राहिला.

आम्ही कोकण विकतो ते डिसेंबरचं. निळा समुद्र, तळलेली सुरमई, दोन रात्री. आमची कला मात्र जून ते सप्टेंबरमध्ये तयार होते. गणपतीचे डोळे श्रावणाच्या अंधाऱ्या दुपारी बल्बखाली रंगतात. गणपतीवरच्या माटवीला सजवायला लागणारी कवंडळं, हरणाची फुलं, तेरडा, सगळं त्याच पावसानं रानात वाढवलेलं. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रं दाखवत कथा सांगायची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या, तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय केलं. किती पाहुणे समुद्रावरून तिथवर जातात?

मला पाहुणे नकोत असं नाही. मीही त्या शहरात आधी पाहुणीच होते. पण मला जूनमध्ये थांबायला मिळालं, आणि कोणीतरी ओंजळ नाकाशी आणली.

तेव्हा माझ्या मुंबई-पुण्याच्या मित्रमैत्रिणींनो, या वर्षी श्रावणात या. मासेमारी बंद असली तर आमटी-भात, फणसाच्या घोट्यांची (आठळ्यांची) भाजी आणि सुक्या बांगड्याचं तिखलं मिळेल. कपडे चार दिवस वाळणार नाहीत, वीज जाईल. मूर्तिकारासाठी आम्ही आमच्या घराचा ओटा रिकामा केला आहे. माती आली आहे, सासूबाईंनी तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं आहे आणि दिवसातून दोनदा त्या ते उचलून बघतात.