‘ब्लॉक्ड’ लिहिलंय म्हणजे ते आत आलेलंच नाही

दहिसरला मावशीच्या सोसायटी ग्रुपवर फिरत आलेला मेसेज: ‘फायरवॉलच्या लॉगमध्ये रोज शेकडो ब्लॉक्ड ओळी? हॅकर तुमच्या घरामागे लागलेत. एकेक आयपी ब्लॉक करा, आयसीएमपी पूर्ण बंद करा, लॉगिंग बंद करा, पासवर्ड बदला.’ मावशीने वहीत दोन पानं आयपी उतरवूनही काढलेत!

फायरवॉल म्हणजे घरच्या इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी, लॉग म्हणजे त्याची नोंदवही. घरामागे कोणी लागलेलं नाही. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता; जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, सगळे पत्ते मिळून साधारण ४३० कोटी. २०१३ साली आलेल्या झेडमॅप या स्कॅनिंगच्या प्रोग्रॅमने एका मशीनवरून, गिगाबिट लाइनवर, ते सगळे एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे मशीनवरचं एकेका सेवेचं क्रमांकाचं दार) ४५ मिनिटांच्या आत चाळून दाखवले. २२, २३, ४४५, ३३८९ या पोर्टांवरची टकटक अशाच सरसकट चाळणीतली. दाराच्या फटीतून पिझ्झाची पत्रकं सरकवणारा काय आडनाव वाचून सरकवतो? फायरवॉलने पॅकेट (डेटाचा पुडका) आधीच टाकून दिलंय, वहीतल्या आयपींनी आणखी काय अडणार?

आयसीएमपी (नेटवर्कवरचे अडचणीचे आणि पिंगचे निरोप) बंद करा म्हणणाऱ्याने मात्र हे स्वतःच्या घरी केलेलं दिसत नाही. आयपीव्ही६मध्ये (पत्त्यांच्या नव्या पद्धतीत) वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. लॅपटॉपने १५०० बाइटचं पॅकेट सोडलं आणि पीपीपीओई (ब्रॉडबँड जोडणीचा एक प्रकार) लाइनवर १४९२च मावत असले, की ‘पॅकेट टू बिग’ (टाइप २) हा निरोप मागे येतो. तो दाबलात आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटं आधीच लहान ठेवायला लावणारी राउटरची सोय) नसलं, तर साधा मेल जातो, अटॅचमेंट मात्र गोल गोल फिरत बसते. लॅनवर (घरातल्या नेटवर्कवर) टाइप १३५-१३६ अडवलेत तर शेजारचं उपकरणच सापडत नाही, आयपीव्ही६ आडवं. आरएफसी ४८९० (२००७) हा आयसीएमपी गाळण्याच्या शिफारशींचा दस्तऐवज यासाठीच आहे: फायरवॉलमधून पलीकडे जाणारे टाइप १ (‘पोहोचलं नाही’) आणि २ अडवायचे नाहीत, पिंगचे १२८-१२९सुद्धा नाहीत.

पासवर्ड बदला, हे बरोबर. लॉग फार भरतो, हेही मान्य. पण म्हणून सगळाच बंद? पीएफसेन्सवर (हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर) आयजीएमपी आणि २३९.२५५.२५५.२५० च्या १९०० पोर्टसाठी, म्हणजे घरातली उपकरणं एकमेकांना शोधतात त्या गोंगाटासाठी, ब्लॉक नियम करा, त्यावरची लॉगची टिक काढा, नियम वर ठेवा. ‘टीसीपी:एफए’च्या (कनेक्शन बंद करतानाची खूण) ओळी बहुतेकदा संपलेल्या कनेक्शनची उशिरा आलेली पॅकेटं असतात, फोन वायफायवरून डेटावर गेला की हमखास.

घरातून बाहेर जाणाऱ्या ब्लॉकचा लॉग मात्र ठेवाच. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डर) बाहेर २३ पोर्टवर धडका मारताना दिसला तर ती खरी धोक्याची ओळ. २०१६ साली मिराई या मालवेअरने फॅक्टरी पासवर्डवरचे असेच कॅमेरे आणि डीव्हीआर धरले होते. केबल काढा, रीसेट करा, नवं फर्मवेअर आणि नवा पासवर्ड टाका, राउटरवरचं यूपीएनपी (उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. मगच परत जोडा.